फोनवर तुमच्या दुकानाचं नाव कोण लिहितं?

समजा, भंडाऱ्याजवळच्या कारध्यात वैनगंगेच्या पुलाजवळ, महामार्गाला लागून तुमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. धानाची रोवणी तोंडावर आलीय. एका शेतकऱ्याची बोअरची मोटार जळाली होती. तुम्ही जळकी तार काढली, तांब्याची नवी तार भरली, वार्निश दिलं, रात्रभर सुकवलं आणि सकाळी मोटार चालवून पाहिली. आता फोन लावता, ‘भाऊ, मोटार झाली, घेऊन जा’ एवढंच सांगायला. रिंग वाजत राहते आणि थांबते. पुन्हा लावता, तर कट.

संध्याकाळी तोच शेतकरी दुकानात येऊन म्हणतो, “तुमचा कुठे फोन आला जी? कोण्या भलत्याच माणसाचा आलता, मी नाही उचलला.”

फोन तुमचाच होता. त्याच्या पडद्यावर मात्र तुमच्या मेव्हण्याचं नाव उमटलं होतं, कारण दुकानाचं सिम कधीकाळी त्याच्या आधार कार्डावर घेतलेलं. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या फोनवर तोच नंबर ‘लोन रिकव्हरी’ म्हणून दिसतो. तिसऱ्याकडे साधा बटनांचा फोन आहे, तिथे नुसते दहा आकडे. सिम एक, नंबर एक, आणि तीन घरांत तीन ओळखी! तुम्ही फोनची सगळी सेटिंग्ज पालथी घालता, पण ‘माझं नाव असं दाखवा’ असं सांगायची जागा कुठेच सापडत नाही.

ती सापडणारही नाही, आणि या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट इथेच आहे. तुम्ही फोन लावता तेव्हा तुमचं नाव तुमच्या फोनमधून बाहेर पडतच नाही. बाहेर पडतो तो फक्त नंबर. नाव शोधलं जातं पलीकडे, समोरच्याचा फोन वाजण्याच्या बेतात असताना, कुठल्या तरी वेगळ्याच वहीत. आणि अशा वह्या एकापेक्षा जास्त आहेत.

शेतीवाडीच्या माणसाला हे लगेच उमगेल. फोन नंबर म्हणजे जमिनीचा गट नंबर. गट नंबर बांधावर उभं राहून मालकाचं नाव ओरडत नाही, ते तलाठ्याच्या दप्तरात सातबाऱ्यावर असतं. वडील गेले आणि वारसांनी फेरफार केलाच नाही, तर शेत कुणीही कसो, कागदावर वडीलच मालक राहतात. तुमच्या दुकानाच्या नंबराचं नेमकं हेच झालंय. कसता तुम्ही, सातबारा मेव्हण्याचा.

मग हा फेरफार करायचा कुठे? त्याआधी नंबर कारध्याहून निघून समोरच्याच्या पडद्यावर पोचतो कसा, ते पाहू.

एक काळ असा होता की फोन घेणाऱ्याला कोण बोलतंय हे आधी कळायची सोयच नव्हती. मुंबईत १८८२ सालच्या जानेवारीत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं तेव्हा मध्ये माणूस बसलेला असे. कुठल्या तारेवरून हाक आली हे त्याला समोरच्या फळीवर दिसायचं. पुढे यंत्रं आली, माणूस उठून गेला आणि त्याच्यासोबत ही माहितीही गेली. फोन वाजायचा, आपण धावत जाऊन उचलायचो आणि विचारायचो, “हॅलो, कोण बोलता जी?” फोन करणारा कोण हे उचलण्याआधी सांगणारं यंत्र बनवायचं काम थिओडोर पारास्केवाकोस या ग्रीक अभियंत्याने १९६८ साली अथेन्समध्ये सुरू केलं. म्हणजे माणूस चंद्रावर उतरला तेव्हाही जगातल्या जवळपास कुणालाच आपल्या घरातली घंटा कोण वाजवतंय हे ठाऊक नव्हतं!

लँडलाइनवर तो नंबर पाठवायची जी युक्ती निघाली, तिच्यापुढे मी अजूनही हात जोडतो. आपल्याकडच्या जुन्या फोनची घंटा आठवा. ट्रिंग-ट्रिंग, मग शांतता, पुन्हा ट्रिंग-ट्रिंग. दोन ठोके ०.४ सेकंदाचे, त्यांच्यामध्ये ०.२ सेकंदाची फट आणि मग दोन सेकंदांची विश्रांती. अमेरिकेत घंटा दोन सेकंद वाजते आणि चार सेकंद थांबते. अभियंत्यांनी पाहिलं की या थांब्यात तार रिकामी पडलेली असते. फोन अजून उचललेला नाही, त्यामुळे कुणी बोलतही नाही. मग पहिल्या घंटेनंतरच्या शांततेत नंबर का पाठवू नये? अमेरिकी पद्धतीत दोन सूर ठरवले, एक १२०० हर्ट्झचा आणि दुसरा २२०० हर्ट्झचा. एक सूर म्हणजे १, दुसरा म्हणजे ०. सेकंदाला १२०० बिट या वेगाने तार शीळ घालते आणि सेकंदाच्या आत नंबर, तारीख, वेळ सगळं पोचतं. आपल्याला वाटतं, घंटा दम घेतेय. प्रत्यक्षात त्या क्षणी तारेवरून कुणाची तरी ओळख धावत असते.

ही झाली शेवटच्या एक्स्चेंजपासून घरापर्यंतची गोष्ट. एका एक्स्चेंजहून दुसऱ्या एक्स्चेंजला नंबर कसा जातो? तिथे बोलण्याची वाट आणि निरोपाची वाट वेगळी ठेवलेली असते. १९८० साली जगाने सिग्नलिंग सिस्टिम नंबर सात ही पद्धत ठरवली. तिच्यात एकही शब्द बोलला जाण्याआधी यंत्रं आपापसात निरोप पाठवतात. पहिल्याच निरोपात फोन कुणाला लावलाय तो नंबर असतो आणि कुणी लावलाय तोही. या दुसऱ्या नंबरासोबत चार बिट जोडलेले असतात. चार बिट म्हणजे शून्य किंवा एक असे फक्त चार ठिपके, पण त्यांत केवढा शहाणपणा भरलाय बघा. पहिले दोन सांगतात, हा नंबर समोरच्याला दाखवायची परवानगी आहे की नाही. उरलेले दोन सांगतात, हा नंबर दिला कुणी आणि तो कुणी तपासला का. ग्राहकाच्या यंत्राने स्वतःहून सांगितला? सांगितला आणि कंपनीने पडताळला? की कंपनीनेच आपल्या माहितीतून लिहिला?

यातून एक विलक्षण गोष्ट निघते. ‘प्रायव्हेट नंबर’ असं दिसतं तेव्हा आपण समजतो की नंबर आलाच नाही. तो आलेला असतो! पार तुमच्या दारापर्यंत आलेला असतो, फक्त त्याच्या कपाळावर ‘दाखवू नये’ अशी खूण असते आणि तुमची कंपनी ती खूण पाळते. भारतात ही सवलत ठरावीक लोकांनाच मिळते.

मोबाइलवर फोर-जीचं जाळं आलं तशी भाषा बदलली. आता तुमचा कॉल म्हणजे चक्क वाचता येईल असा मजकूर असतो. त्याच्या पहिल्याच ओळीत ‘इन्व्हाइट’ असा शब्द असतो, म्हणजे फोन लावणं हे तंत्राच्या दृष्टीने आमंत्रण पाठवणं झालं. हा मजकूर कसा लिहायचा याचे नियम २००२ साली पक्के झाले. ‘फ्रॉम’ नावाच्या ओळीत नंबराच्या आधी अवतरणचिन्हांत नाव लिहायला कोरी जागाही सोडलेली आहे. मग प्रश्नच मिटला की! तिथे ‘श्री वैनगंगा मोटार रिवाइंडिंग’ असं लिहून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. हो ना?

पण थोडा विचार करा. तिथे तुम्ही तुमच्या दुकानाचं नाव लिहू शकत असाल, तर एखादा भामटा ‘स्टेट बँक’ असं लिहू शकतो. पाठवणाऱ्याने स्वतःबद्दल स्वतःच दिलेल्या साक्षीवर आंधळा विश्वास ठेवता येत नाही, हे कोर्टाला जसं माहीत आहे तसं फोनच्या जाळ्यालाही माहीत आहे. म्हणून त्याच मजकुरात कंपनी आपली एक वेगळी ओळ घालते. हा ग्राहक मी ओळखते, त्याचा खरा नंबर हा, असं सांगणारी. पलीकडची कंपनी भरवसा ठेवते तो या ओळीवर. तुमची स्वतःची ओळ तिच्या लेखी बिनकामाची असते.

नंबर पोचला. आता नाव. इथून पुढे तीन वह्यांची गोष्ट सुरू होते, आणि तीन गिऱ्हाइकांकडे तीन ओळखी का दिसल्या याचं उत्तरही इथेच मिळतं.

पहिली वही समोरच्याच्या खिशातच असते. त्याने तुमचा नंबर ‘मोटारवाला कारधा’ असा जपून ठेवला असेल, तर सहसा तेच नाव दिसतं. यात काय मोठंसं, असं वाटेल. पण त्याने नंबर साधा दहा आकडी जपलाय, आणि येताना तो कधी पुढे ९१ घेऊन येतो, कधी शून्य. तरी फोन चुकत नाही. कारण तो उलटीकडून, शेवटच्या आकड्यापासून जुळवत येतो. अँड्रॉइडमध्ये तर शेवटचे सात आकडे जुळले की माणूस ओळखला, असा हिशोब वर्षानुवर्षं चालत आलाय. या वहीतलं नाव तुम्हाला सुधारता येत नाही, आणि सुधारायची गरजही नाही. ते गिऱ्हाइकाने आपल्या हाताने लिहिलेलं असतं. धंद्याची खरी कमाई ती. म्हणून दुकानात आलेल्या माणसाला “नंबर जपून ठेवा भाऊ” म्हणणं हा आजही सर्वांत खात्रीचा आणि फुकटचा उपाय आहे.

दुसरी वही ओळख सांगणाऱ्या अॅपांची. यातलं सर्वांत गाजलेलं ट्रूकॉलर २००९ साली स्टॉकहोममध्ये सुरू झालं आणि भारत ही त्याची सर्वांत मोठी बाजारपेठ बनली. स्वीडनमधल्या एका कल्पनेने कारध्यातल्या माणसाला घरबसल्या सांगावं की फोन कुणाचा आहे, हेच मुळात नवल. ही वही सरकारने किंवा फोन कंपनीने लिहिलेली नाही, ती लोकांनी लिहिलीय. कुणी नाव सुचवलं, कुणी दुरुस्ती केली, कुणी वैतागून ‘त्रासदायक’ असा शिक्का मारला. पुष्कळ लोकांनी तेच म्हटलं की ते नाव पक्कं होतं. कोट्यवधी अनोळखी माणसांनी मिळून, एकमेकांना न भेटता लिहिलेली ही नामावळी आहे, आणि आश्चर्य म्हणजे ती बरेचदा बरोबर निघते.

बरेचदाच, नेहमी नाही. तुमच्या नंबरावर ‘लोन रिकव्हरी’ कुठून आलं? आपल्याकडे बंद पडलेला नंबर वाया घालवत नाहीत. निदान ९० दिवस तो निजवून ठेवतात आणि मग नव्या ग्राहकाला देतात. तुमच्या नंबराचा आधीचा मालक वसुलीचे फोन करणारा असेल, तर तो गेला तरी लोकांनी दिलेली त्याची ओळख त्या दहा आकड्यांना चिकटून राहते. गट नंबर तोच, आधीच्या मालकाची बदनामी मात्र तुमच्या वाट्याला. इथे फेरफार करायचा तर त्या अॅपवर स्वतःचा नंबर पडताळून नाव दुरुस्तीला द्यावं लागतं आणि चुकीचा शिक्का काढायची मागणी करावी लागते. व्यवसायांची पडताळणी करून वेगळी खूण देण्याची सोयही अशा अॅपांवर असते. पण एका अॅपवर दुरुस्ती केली म्हणून दुसऱ्यावर ती होत नाही, हे ध्यानात ठेवा. दप्तरं वेगळी, तलाठी वेगळे.

तिसरी वही सगळ्यात वजनदार. ती खुद्द फोन कंपन्यांची.

अमेरिकेत ही पद्धत कधीचीच रुळलेली आहे. तिथे तुमच्या कंपनीकडून पलीकडच्या कंपनीला नंबर जातो. पलीकडची कंपनी त्या नंबरासाठी नावांच्या कोठारात एक बुडी मारते, नाव वर काढते आणि मग ते ग्राहकाच्या यंत्राला देते. त्या धंद्यातले लोकही या कामाला बुडीच म्हणतात. त्या नावाला जागा किती? फक्त १५ अक्षरं, तीही रोमन, मधल्या मोकळ्या जागा धरून. आपलं ‘श्री वैनगंगा मोटार रिवाइंडिंग’ हेच दुकान एखाद्या मराठी माणसाने न्यू जर्सीत काढलं, तर ‘श्री’ची चार अक्षरं, ‘वैनगंगा’ची नऊ आणि दोन मोकळ्या जागा मिळून पंधराचा कोटा संपला. मोटार बाहेर, रिवाइंडिंग बाहेर. गिऱ्हाइकाला वाटेल, कुण्या देवस्थानाचा फोन आला! त्यातून नाव सुधारायला दिलं तरी काही कंपन्या जुनी उत्तरं जवळ बाळगून असतात, त्यामुळे आणखी काही दिवस जुनंच नाव उमटत राहतं.

भारतात अशी वही नव्हती. म्हणजे नावं होती, प्रत्येक सिमच्या अर्जावर होती, पण ती पडद्यावर आणायची सोय नव्हती. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, नोव्हेंबर २०२२मध्ये यावर चर्चापत्र काढलं आणि २३ फेब्रुवारी २०२४ला शिफारशी दिल्या. या सेवेचं आखूड नाव सीनॅप. सिम घेताना भरलेल्या अर्जावर जे नाव आहे तेच समोरच्याला दिसावं, हे तिचं सूत्र. आधी विचार असा होता की ज्याने मागितली त्यालाच ही सेवा द्यावी. पुढे दूरसंचार विभागाने म्हटलं की ती सगळ्यांना आपोआप सुरू असावी, नको असेल त्याने बंद करून घ्यावी. ट्रायने २८ ऑक्टोबर २०२५ला त्याला होकार दिला. टू-जीचं जुनं जाळं या कामाला अपुरं पडतं, म्हणून सुरुवात फोर-जी आणि त्यापुढच्या जाळ्यावर. साध्या बटनांच्या फोनवर नुसते आकडे दिसले ते यामुळे.

आता या एका कॉलमध्ये काय काय घडावं लागतं ते मनाशी आणून बघा. तुम्ही कारध्याहून गिऱ्हाइकाला फोन लावला. पलीकडच्या कंपनीला आधी हे कळायला हवं की हा नंबर कुठल्या कंपनीचा. पूर्वी हे सोपं होतं. ९४२२ने सुरू होणारा नंबर म्हणजे महाराष्ट्रातला बीएसएनएल, हे पोरंही सांगायची. पण २० जानेवारी २०११पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली आणि ३ जुलै २०१५पासून राज्याबाहेरही तो सोबत नेता येऊ लागला. आता सुरुवातीच्या आकड्यांवरून काहीच ओळखता येत नाही. म्हणून आधी पोर्ट झालेल्या नंबरांची यादी धुंडाळायची. तिथून कळलं की नंबर अमुक कंपनीच्या अमुक सर्कलचा. (दूरसंचाराच्या नकाशात देशाचे २२ तुकडे आहेत आणि त्यात कारधा आणि पणजी एकाच सर्कलमध्ये येतात, मुंबई मात्र वेगळी!) मग त्या कंपनीच्या वहीला विचारायचं, या नंबराचं नाव काय? उत्तर आलं की ते कॉलला चिकटवायचं आणि मगच समोरचा फोन वाजवायचा. हे सगळं तुम्ही हिरवं बटन दाबल्यापासून कानात पहिली रिंग ऐकू येईपर्यंतच्या वेळात! उशीर झाला तर चालत नाही, कारण माणूस तेवढ्यातही वैतागून फोन कापतो.

आणि व्यवसायांसाठी यात एक फार मोलाची तरतूद आहे. ट्रायने म्हटलंय की व्यवसायाच्या नावाने घेतलेल्या जोडणीला अर्जावरच्या नावाऐवजी पसंतीचं नाव दाखवायची मुभा द्यावी. ते नाव नोंदणीकृत ट्रेडमार्क असेल, जीएसटीत नोंदवलेलं व्यापारी नाव असेल किंवा सरकारकडे रीतसर नोंदलेलं तसंच एखादं वेगळं नाव असेल, आणि ते आपलंच असल्याचा कागद दाखवता आला पाहिजे. म्हणजे कागदोपत्री संस्थेचं नाव लांबलचक ‘अमुक अमुक अँड सन्स’ असलं, तरी लोक ज्या नावाने ओळखतात ते नाव पडद्यावर येऊ शकतं.

तर कारध्याच्या दुकानाचा फेरफार असा. आधी सिम कुणाच्या नावावर आहे ते बघा. मेव्हण्याच्या नावावर असेल, तर त्याला सोबत घेऊन कंपनीच्या केंद्रात जा आणि नियमांत बसत असेल तर मालकी बदलून घ्या, आपल्या कागदपत्रांनिशी नव्याने ओळख पटवून. आपल्या नावावर भलतीच सिमं तर चालू नाहीत ना, हे सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर तपासता येतं. देशाच्या बहुतेक भागांत एका माणसाला जास्तीत जास्त नऊ सिमं घेता येतात. दुकान नोंदणीकृत असेल, तर जोडणी व्यवसायाच्या नावाने घ्या आणि पसंतीच्या नावाची चौकशी करा. मग वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं असलेल्या, तुमचा नंबर जपून न ठेवलेल्या ओळखीच्या माणसांना फोन लावून काय दिसतं ते वाचून दाखवायला सांगा. स्वतःच्या फोनकडे बघून हे कधीच कळणार नाही. आपला चेहरा जसा आपल्याला दिसत नाही, तसंच.

मोठ्या ठिकाणची तऱ्हा आणखी वेगळी. दवाखाना, बँक, शाळा यांच्याकडे एकाच जाड जोडणीवरून एकाच वेळी तीस संभाषणं चालू शकतात आणि आत पन्नास-शंभर टेबलांवर फोन असतात. बाहेर जाताना सगळ्यांनी एकच मुख्य नंबर दाखवायचा की प्रत्येकाने आपापला, हे तिथल्या आतल्या एक्स्चेंजमध्ये ठरवता येतं. पण तिथेही जोडणी देणारी कंपनी दाराशी उभी असते. तुम्हाला दिलेल्या नंबरांपैकीच एखादा दाखवत असाल तर जाऊ देते, दुसऱ्याचा असेल तर अडवते. मघाचे ते दोन बिट आठवतात? ‘सांगितला आणि पडताळला’ हे तिथूनच लिहिलं जातं.

ही पहारेदारी किती गरजेची आहे याचा एक आकडा सांगतो. परदेशातून येणारे पण भारतातल्याच नंबराचा मुखवटा घातलेले कॉल अडवणारी यंत्रणा सरकारने २२ ऑक्टोबर २०२४ला सुरू केली. पहिल्या २४ तासांत तिने असे १ कोटी ३५ लाख कॉल पकडले. एका दिवसात! परदेशातून भारतीय नंबराच्या वेशात येणाऱ्या कॉलपैकी हे जवळपास ९० टक्के होते. दूरसंचार अधिनियम, २०२३ने अशा ओळखीशी छेडछाड करणं गुन्हा ठरवलंय. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना ३० जून २०२१पर्यंत प्रत्येक कॉलवर अंकीय सही करणं बंधनकारक केलं. सहीसोबत अ, ब, क असे दर्जेही असतात, म्हणजे आपण या ग्राहकाला आणि त्याच्या नंबराला कितपत ओळखतो हे कंपनी लेखी देते.

आपल्याकडे आणखी एक वाट काढलीय, आणि मला ती फार आवडते. नावाची वाटच बघू नका, नंबरच असा द्या की तो बोलेल. जाहिरातीचे कॉल १४०ने सुरू होणाऱ्या नंबरावरून. बँक, विमा यांसारख्यांचे कामाचे कॉल १६००च्या मालिकेतून. मग कितीही साधा फोन असो, वाचता न येणारी म्हातारी आई असो, सुरुवातीचे आकडे बघून समजतं की हा कुणाचा असू शकतो.

एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते. छोट्या धंदेवाल्यांचं काय? कारध्यात, भंडाऱ्यात, तुमसरात असंख्य लोकांचा धंदा जीएसटीच्या मर्यादेखाली चालतो. त्यांचं दुकानाचं सिम हे घरचंच सिम असतं. त्यांच्या कॉलवर दुकानाचं नाव न येता माणसाचं नाव येणार. पुरुष दुकानदाराला त्याचं फारसं काही वाटणार नाही. पण घरून डबे देणारी, शिवणकाम करणारी, पार्लर चालवणारी बाई अनोळखी गिऱ्हाइकाला फोन करते तेव्हा तिचं पूर्ण नाव त्याच्या पडद्यावर जातं. दुकानाच्या नावाचा आडोसा तिला सर्वांत आधी मिळायला हवा. ट्रेडमार्क आणि जीएसटी नसलेल्यांसाठी सोपा, कमी कागदांचा मार्ग कंपन्यांनी काढलाच पाहिजे.

आणि दुसरी गोष्ट. महाराष्ट्रात दुकानाची पाटी देवनागरीत, मराठीत असावी असा कायदा आहे. २०२२ साली तो दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू झाला आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालणार नाहीत असंही त्यात आलं. फोनवर उमटणारं नाव हीसुद्धा आता दुकानाची पाटीच आहे. रस्त्यावरची पाटी गावातले लोक वाचतात, ही पाटी फोन जाईल तिथे जाते. तंत्राची अडचणही नाही. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे आणि कॉलच्या त्या मजकुरातल्या नावाच्या जागेला कुठलीही लिपी चालते, असं २००२च्या नियमांतच लिहिलंय. अडतं ते फक्त रोमन अक्षरांत भरलेल्या अर्जापाशी. म्हणून सिमच्या अर्जावर आणि पसंतीच्या नावाच्या नोंदीत देवनागरीचा एक रकाना द्या, अशी मागणी आपण आत्ताच करायला हवी. ट्राय आपली चर्चापत्रं लोकांसाठी खुली ठेवते आणि त्यावर कुणालाही लेखी म्हणणं मांडता येतं. पुढचं चर्चापत्र निघेल तेव्हा कारध्याहूनही एक पत्र जाऊ द्या.